बादलचा बेंदूर

मालनबाईंचा मला हेवा वाटायचा, आणि राग त्याहून जास्त यायचा. फौजेतल्या हवालदार हिंदुराव शिंद्यांची ही बायको, साताऱ्याकडची. इथे उंटांच्या मुलखात, खातीपुऱ्यात, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. आमचे हे विमा कंपनीत साहेब, पण गल्लीत चालायचं ते मालनबाईंचं. त्यांनी एक गोष्ट मनात घेतली की सबंध गल्लीने ती करायची, आणि मेले सगळे करायचेही. त्र्याऐंशीच्या आषाढात बाईंनी मनात घेतला बेंदूर.

बेंदूर म्हणजे आमच्या वऱ्हाडातला पोळाच, फक्त दीडेक महिना आधी. बैलाला न्हाऊ घालायचं, पुरणपोळी चारायची, तो जेवला की मग माणसांनी जेवायचं. आठ वर्षं, जिथे बदली होईल तिथे, बाईंनी मातीचे बैल पुजले होते.

"मातीचा बैल खातोय व्हय?" त्या मला म्हणाल्या. "म्हंजी आठ वर्सं मी जनावराच्या आधीच जेवतीया. घास गिळवत न्हाई हो." त्यांचा आवाज भरून आला, आणि माझी थट्टा ओठांवरच राहिली.

पण बैल आणायचा कुठून? बाईंचं म्हणणं सरळ होतं. आपलं धान्य जो ओढतो, मान त्याचा. सोडाल्याच्या बाजारातून आमच्या गल्लीत गव्हाची पोती यायची ती नंदकिशोरच्या उंटगाडीतून. तेव्हा मान उंटाचा. बादल त्याचं नाव.

आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. बैलाच्या खांद्यावर जू असतं, तिथे हळद-लोणी चोळतात. उंटाचा खांदा कुठला, यावर गल्लीत दोन तट पडले. शेवटी हिंदुराव स्टुलावर चढले आणि अख्खं कुबड पिवळंधमक करून मोकळे झाले. मालनबाई बादलच्या कानाशी लागल्या, "आज आवतान घ्या, उद्या जेवायला या." बादलने खालचा ओठ असा काही लोंबवला की मी हसता हसता पायरीवरच बसले. शिंगं नव्हती, म्हणून शिंगांना लावायचा लाल हिंगूळ गाडीच्या दांड्यांना फासला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता बादल दारात बसला, गळ्यात झेंडूची माळ. मालनबाईंनी तुपात निथळणारी पोळी पुढे केली. बादलने तोंड फिरवलं. गूळ दिला, फिरवलं. दूध दिलं, फिरवलं. हिंदुरावांनी परेडच्या आवाजात "खा!" असा हुकूम सोडला, तेव्हा शेजारच्या गच्चीवरचं कबूतर उडालं, बादल हलला नाही. गल्लीत सगळे उपाशी. दाराआड पापड मोडल्याचा आवाज आला, बघते तर आमचे साहेब. त्यांच्या हातातला पापड मी काढून घेतला आणि, खरं सांगते, फार कष्टाने परत ठेवला.

एक वाजला. मालनबाई ताट घेऊन बादलसमोर मातीतच बसल्या. डोळे भरलेले. "पाव्हणा उपाशी ऱ्हायला, तर म्या बी ऱ्हानार."

माझं डोकं फिरलं. गाडीला टेकून नंदकिशोर सकाळपासून उन्हात उभा होता, त्याच्यावर मी खेकसले, "भैया, ये खाता क्यों नहीं?"

"बाईसा, ये मेरे बिना नहीं खाता. पहला टुकड़ा मैं खाऊँ, तब मुँह लगाता है. बचपन की आदत है."

"तो खा लो ना!"

त्याने खाली पाहिलं. "न्योता तो बादल का है. मेरा थोड़े ही है."

चाळीस पोळ्या लाटल्या होत्या आम्ही, पण या माणसाला जेवायला ये म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. गावाकडे बैल घरचा, बैलाचा गडीही घरचा. त्याला वेगळं बोलवायची रीतच नाही. ती रीत आम्ही इथे जशीच्या तशी उचलून आणली होती. मला लाज वाटली, आणि नुकतीच खेकसले होते म्हणून जास्तच वाटली.

मालनबाई उठल्या. हळदीची वाटी त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली. हिंदुरावांनी नंदकिशोरचा गमछा बाजूला केला. आमची पोती जिना चढायची ती त्या उजव्या खांद्यावरून, तिथे सदरा विरून गेला होता. हवालदारसाहेब हळद चोळायला लागले तसा नंदकिशोर अंग चोरून खिदळला, "साहब, गुदगुली होती है!" आणि दुसऱ्याच क्षणी गमछ्याने डोळे पुसायला लागला.

"भाऊ," मालनबाईंनी त्याच्यासमोर ताट धरलं, "चुकलं माझं. जेवा."

त्याने पोळीचा तुकडा तोडून तोंडात घातला. तेवढ्यात बादलची लांबलचक मान त्याच्या पिवळ्या खांद्यावरून पुढे आली आणि हातातली उरलेली पोळी नाहीशी झाली. मग ताटातल्या चार. मग परातीतल्या. पोरांनी असा गिल्ला केला की कुणाचं कुणाला ऐकू येईना.

"पण मालनबाई," मी ओरडून विचारलं, "जनावराच्या आधी माणूस जेवला की हो!"

"धान्य वढनारा आधी जेवला," त्या म्हणाल्या आणि तिथेच, उंटाला खेटून, दोन्ही गाल भरून जेवायला लागल्या.