दोन कामांचं विमान

एअर फोर्समध्ये सार्जंट असताना माझी पोस्टिंग दक्षिणेतल्या एका तळावर झाली. तिथे एका नव्या जेट विमानाची चाचणी चालू होती. शिकाऊ पायलटनी उडवायचं तेच, आणि अधिकाऱ्यांची ने-आण करायचीही त्यानेच. एका दगडात दोन पक्षी. असं एकच विमान बनलं होतं.

पुढच्या सीट इजेक्शनच्या होत्या. संकटात दांडा ओढला की पायलट सीटसकट बाहेर. मागची बाकं प्रवाशांची, एसटीसारखी साधी. मागच्यांनी बाहेर कसं पडायचं, यावर मीटिंगमध्ये बरीच डोकेफोड झाली, पण मागेही तशा सीट बसवल्या तर वजन वाढतं म्हणून विषय मागे पडला. मला ते पटलं नव्हतं. सार्जंटला विचारतो कोण?

स्क्वाड्रन लीडर थॉमस आमचे टेस्ट पायलट. इंजिनची थरथर मोजायचं काम माझं; त्याचं यंत्र मागे, म्हणून मीही मागे. साहेब रोज चिडवायचे, "राठोड, टिकट लिया क्या?"

त्या सकाळी टेक-ऑफनंतर लगेच इंजिन बंद पडलं. उंची कमी होती. टॉवरवरून आवाज आला, "इजेक्ट! इजेक्ट!"

"निगेटिव्ह. पीछे आदमी है." मग साहेब मला म्हणाले, "राठोड, पट्टा कस लो. सिर नीचे."

त्यांनी विमान एका शेतात उतरवलं. नाक बांधावर आदळलं. मी वाचलो, साहेब जागीच गेले. तसं विमान पुन्हा बनलं नाही. मी अजून झोपेतून दचकून उठतो.

नोकरी संपली आणि राळेगावजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावर परतलो. दिवाळीत आमच्याकडे निखाऱ्यांवर तूप-लापशी टाकून पितरांची नावं घेतात. त्याला धबुकार म्हणतात. नावं फक्त आपल्या गोताची. यंदा मी म्हटलं, थॉमस साहेबांचंही घ्या.

मोठे काका थांबले. "तो आपल्या गोताचा नाही, बाबू. पितर नाराज होतीन."

मला संताप आला. माझी याडी, म्हणजे आई, भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "त्यानं उडी मारली असती, तर आज या इस्तवावर माह्या पोराचं नाव घेतलं असतं तुमी. त्याचं गोत कायले इचारता?"

काकांनी पळीत तूप घेतलं. माझ्या आजोबांच्या नावानंतर त्यांनी साहेबांचं नाव घेतलं. मी अटेन्शनमध्ये उभा होतो. सगळ्या तांड्यादेखत रडलो.