डोळे न आखलेला गणपती

पेणजवळच्या आमच्या जोहे गावातल्या दिनानाथनं एकदा माझ्या बुजगावण्याला डोळे काढले होते. तिथूनच सुरुवात करतो, नाहीतर हा माणूस तुम्हाला कळायचा नाही.

भाताला लोंब्या आल्या होत्या, चिमण्या उतरत होत्या. मी काठीला जुना सदरा घातला आणि वर मडकं पालथं ठेवलं. दिनानाथ कारखान्यातून घरी जेवायला चालला होता. बांधावर थांबला, खिशातला कुंचला काढला, मडक्यावर दोन डोळे ओढले आणि निघून गेला. चिमण्यांचं विचारू नका, त्या मडक्यावर बसून दाणे खायच्या. पण शेजारची गोदूबाई त्या दिवसापासून माझ्या शेतावरून जाताना पदर सारखा करायची. "बघतोय ना गो मेला," म्हणायची. भात कापल्यावर ते मडकं फोडायला कोणाचा हात होईना. शेवटी खाडीत सोडलं.

तर असा हात. आमच्या गावात गणपतीचे कारखाने घराघरांत. कोणी साचा भरतो, कोणी घासतो, कोणी पितांबर रंगवतो. पण डोळ्यांची आखणी करणारे थोडे, आणि मोरूशेटच्या कारखान्यात ती फक्त दिनानाथची. एकटा जीव, लग्न केलं नाही. आखणीच्या दिवसांत सुकी मासळी खायचा नाही. एक डोळा आखून होईपर्यंत श्वास सोडायचा नाही. झाल्यावर "कसं वाटतंय" असं कोणाला विचारायचा नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं उजवा डोळा जरा मोठा वाटतो म्हटलं, तर दिनानाथ म्हणाला, "मग तुम्ही डाव्या बाजूला बसा."

मोरूशेट कारखान्याचे मालक आणि देवळाच्या कमिटीचे अध्यक्षही. देवभोळा माणूस. पण धंद्यात धंद्याचं. एकदा मुंबईची एक बाई कामगारांवर चिडली, कारण पोरं चपला घालून मूर्त्यांमधून फिरत होती. मोरूशेट तिला म्हणाले, "बाई, देव कुठाय अजून? डोळे आखेपर्यंत माती. आखले की मग आम्हीबी चपला बाहेर काढतो." हे वाक्य ते दर हंगामात कोणाला ना कोणाला ऐकवायचे. लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

याच कारखान्यात सरू घासकामाला होती. पॉलिश पेपरनं मूर्तीचं अंग गुळगुळीत करायची. नवरा गोविंदा रोह्याच्या कंपनीत, पेणहून गाडीनं जाऊन-येऊन शिफ्ट करायचा. त्यांची एकच पोर, नमिता, सात वर्षांची. शाळा सुटली की आईकडे यायची, पण बसायची दिनानाथजवळ. ज्या माणसाला आखणीच्या वेळी पाखराचा आवाज खपायचा नाही, त्याच्या मांडीला मांडी लावून ही बडबडायची. "काका, याला आधी कोण दिसतं?" "मी." "मग माझ्या गणपतीच्या वेळेला तू बाजूला हो." अशी.

शहाण्णव सालच्या होळीनंतर नमूचं डोकं दुखायला लागलं. मग चालताना तोल जायला लागला. पेणच्या डॉक्टरनं मुंबईला पाठवलं, तिथं मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशनचा खर्च ऐकून गोविंदा पायरीवर बसला तो उठेचना.

गाव मात्र उठलं, हे सांगितलं पाहिजे. मोरूशेटनीच पुढाकार घेतला. पत्र्याची पेटी केली, वर नमूचा फोटो चिकटवला. आणि कारखान्यात शिरल्या शिरल्या जी हातभर उंचीची मूर्ती होती, तिच्या पुढ्यात ठेवली. "गिऱ्हाईक पहिल्यांदा तिथंच बघतं," म्हणाले. बुद्धी चांगलीच होती. पण झालं काय, मूर्तीपुढं पेटी दिसली की माणसाचे हात आपोआप जुळतात. लोक पैसे टाकायचे, डोळे मिटायचे, पुटपुटायचे. कोणी मूर्तीच्या पाटाला हळदकुंकू लावलं, कोणी जास्वंद ठेवलं. रोह्याच्या कंपनीत कामगारांनी एक दिवसाचा पगार दिला. तो घेऊन त्यांचे फोरमन आयझॅक रोहेकर स्वतः जोह्याला आले आणि त्यांनीही तो त्याच पेटीत घातला. रोह्यात त्यांच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाची दोन-तीनच घरं उरली होती. बाकी सगळे इस्रायलला गेले. "मी कुठं जाऊ, तिकडं पापलेटचं कालवण कोण देणार?" असं म्हणणारा माणूस.

ऑपरेशनसाठी पुन्हा मुंबईला नेण्याआधी नमूनं त्याच मूर्तीकडे बोट दाखवलं होतं. सगळी रंगवून झालेली, मुकुट, पितांबर, सोंडेवरची नक्षी, फक्त डोळे राहिलेले. "काका, हा मी आल्याशिवाय आखायचा नाही." दिनानाथ बरं म्हणाला.

आषाढात मुंबईच्या डॉक्टरांनी आई-बापाला खोलीत बोलावलं. आयझॅकही बरोबर होते. गाठ अशा जागी पसरली होती की कापून उपयोग नव्हता. पोरगी टेबलावरच जाईल, नाहीतर उठेल ती कोणाला न ओळखता. घरी न्या, दुखू नये याची औषधं देतो, एखादी नर्स ठेवा, असं त्यांनी सांगितलं. सरूनं एवढंच विचारलं, "घरी तिला समजंल ना, घर हाय म्हणून?" डॉक्टर म्हणाले, काही दिवस समजेल.

सरूनं ठरवलं, पोरीला घरी आणायची.

आणि मग सुरू झालं. कोणीतरी म्हणालं मद्रासला एक डॉक्टर आहे, तो करतो. पेणच्या एका साप्ताहिकानं छापलं, 'जनतेचा पैसा, मग ऑपरेशन का नाही?' एस.टी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं, एक जण सांगत होता, "माझे वीस रुपये हायत त्यात. मला विचारायला नको?" वीस रुपयांत माणसाला पोरीचा बाप व्हायला मिळत होतं. गोविंदाला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत लोक घेरायचे. तो बिचारा मऊ माणूस. रात्रपाळी मागून घ्यायला लागला, कमी तोंडं दिसावीत म्हणून. घरी सरूला म्हणाला, "नेऊया मद्रासला. लोक काय म्हणतील, पैसे घेतले नि पोर घरी आणली." सरू म्हणाली, "लोकांना दाखवायला पोरीचं डोकं फोडू का?"

पण पैशाशिवाय घरी आणून करायचं काय? औषधं महाग, नर्सचा पगार, श्वासाला सिलिंडर. पेटी होती मोरूशेटच्या कपाटात.

शेवटी एका रविवारी दुपारी बैठक ठरली. देवळाला तेव्हा सभामंडप नव्हता आणि पाऊस तर लागूनच राहिला होता, म्हणून बैठक कारखान्यातच. मूर्त्या भिंतीला सरकवून मधे सतरंजी टाकली. गावकरी आले, रोह्याहून कामगार आले. बायका नेहमीसारख्या दाराशी, त्यांत सरू. पेटी कपाटातून काढून पुन्हा जागेवर, त्या मूर्तीपुढं ठेवली होती.

रोह्याचा एक तरुण कामगार उठला, मितेश. "आम्ही ऑपरेशनसाठी दिलेत. ऑपरेशन करा, नाहीतर परत द्या."

आयझॅक बसूनच बोलले. "मितेश, तू दवाखान्यात आला होतास?"

"नाय."

"मी होतो. कापून उपयोग नाही, आणि एवढ्या लांबच्या प्रवासात पोरगी टिकायची नाही, असं डॉक्टर माझ्यासमोर बोलले. तुला मद्रासला पाठवायचं असेल तर तू तिला उचलून ने. ती बाई दारात उभी आहे, तिला विचार आणि उचल."

मितेश सरूकडे बघून खाली बसला. नंतर जाताना त्यानंच तिच्या पायांना हात लावला, पण ते नंतर.

मला वाटलं मिटलं. तेवढ्यात मोरूशेट घसा साफ करून उठले. चेहरा उतरलेला. हा माणूस पैशाला हपापलेला नव्हता, त्याला खरीच भीती होती. त्यांच्या थोरल्या भावानं म्हणे एकदा देवाच्या नारळाचे पैसे बैल घ्यायला लावले आणि तो बैल खाडीकाठच्या खारात रुतून मेला. ते म्हणाले, "ऑपरेशन नाय तर नाय. पण हे पैसे लोकांनी गणपतीपुढं हात जोडून टाकलेत. ऑपरेशन होऊ दे म्हणून नवस बोललेत. काम झालं नाय, तर पैसा देवाचा. घरखर्चाला देवाचा पैसा मी देऊ? उद्या त्या पोरीलाच बाधला तर? मंडपाला लावू. तिच्या नावाची पाटी लावू."

माना डोलल्या. खोटं कशाला बोलू, माझीही डोलली. देवाच्या पैशाला कोण हात लावणार?

आयझॅक म्हणाले, "मोरूशेट, मग मीबी गणपतीला नवस बोललो का? सिनेगॉगमधे कळलं तर मला दहावा माणूस म्हणून मोजतील का हो? प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आधीच दहा जमत नाहीत."

लोक हसले. मोरूशेटही हसले, पण हलले नाहीत. "तुमचं वेगळं, फोरमनसाहेब. तुमच्यापुरते काढून देतो."

सरू दारातून आत आली. आमच्याकडे बाई बैठकीत येत नाही. ती आली, ती थेट पेटीजवळ. पेटीवरच्या फोटोकडे बघत उभी राहिली.

दिनानाथ मागं रंगाच्या डब्यांजवळ बसला होता. तिथूनच म्हणाला, "शेट, त्याला डोळे हायत का?"

"कोणाला?"

"ज्याच्यापुढं पेटी हाय त्याला."

सगळ्यांनी मूर्तीकडे बघितलं. आमच्या गावात बिनडोळ्यांचे गणपती इतके, की ते कोणाच्या नजरेतच येत नाहीत. बाहेरच्या माणसाला मुकुट आणि सोंड दिसली की देव दिसतो. चार महिने ती मूर्ती तिथं होती, डोळ्यांच्या जागी पांढरी, कोरी. पाटावर हळदकुंकू, पुढं पेटी.

दिनानाथ म्हणाला, "तुम्हीच सांगता ना, डोळे आखेपर्यंत माती. मग हे पैसे मातीपुढं पडलेत. देवानं बघितलेलं नाय."

मोरूशेट मूर्तीजवळ गेले, वाकून तिच्या तोंडावरून बोट फिरवलं, जणू काही डोळे असतील तर हाताला लागतील. त्यांना हरल्यासारखं वाटलं असं मला नाही वाटत. त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं. "चपला घालूनच बसलोय की आपण सगळे," एवढंच म्हणाले. मग पेटी दोन्ही हातांनी उचलून सरूच्या हातात दिली. "ने गो."

पुढच्या आठवड्यात नमू घरी आली. वर-खाली होणारी लोखंडी खाट आणली, पेणहून नर्स यायला लागली. पोरगी वाळून काडी झालेली, पण ओळखायची. गोदूबाईला बघून म्हणाली, "बुजगावण्याला घाबरतेस का अजून?"

गणपतीच्या तीन दिवस आधी दिनानाथनं ती मूर्ती प्लास्टिकात गुंडाळून हातगाडीवरून सरूच्या ओटीवर आणली. मी गाडी मागून ढकलली, म्हणून हे डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय. गोविंदानं नमूला पाठीमागं उशा लावून बसवलं. दिनानाथनं रंग कालवला, कुंचला भिजवला आणि थांबला. मूर्तीच्या समोरच कोनाड्यात ती पेटी होती.

"सरू, पेटी आत ठेव गो," म्हणाला. "आता हा बघणार."

सरूनं पेटी आत नेली. त्यानं चपला अंगणात काढल्या. श्वास धरला आणि उजवा आखला. मग आठवण झाल्यासारखा बाजूला सरला आणि वाकड्यानं, कडेला बसून डावा आखला, म्हणजे त्या डोळ्याला तरी पहिल्यांदा नमू दिसावी.

नमू बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "काका, डावा झोपलाय."

खरंच जरा मिटल्यासारखा झाला होता. कडेला बसून हात कसा चालणार. सगळ्या आयुष्यात त्याचा असा डोळा चुकला नव्हता.

"सकाळ हाय," तो म्हणाला. "उठंल."

त्यानं तो सुधारला नाही. दीड दिवस तो गणपती सरूच्या घरी बसला, मग खाडीत गेला. नमू नवरात्रात गेली, घरी, आईच्या मांडीवर. उरलेल्या पैशांचं सरूनं काय करावं हे सांगायला या वेळी कोणी आलं नाही. तिनं त्यातून सिलिंडर भरून घेतला आणि खाटेसकट गावाला ठेवला. ज्याच्या घरी दुखणं, त्याच्या घरी खाट. मोरूशेटची आई शेवटचे दोन महिने त्याच खाटेवर होती.

पुढच्या हंगामात सरू पुन्हा घासकामाला आली. दिनानाथकडे पाठ करून बसायची, आखणी बघायची नाही. पहिल्या मूर्तीचे डोळे झाले तेव्हा, ज्यानं जन्मात कोणाला विचारलं नव्हतं, त्यानं हाक मारली, "सरू, बघ गो. सारखे हायत का?"

ती लगेच वळली नाही. हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला, पदरानं हात पुसले. मग उठली आणि त्याच्या बाजूला, पोर बसायची तिथं येऊन बघितलं.

"हायत," म्हणाली. "दोन्ही जागे हायत."