शाईचा उखाणा

माझ्या नवऱ्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. जन्मभर तोंडातून काढलं नाही, आता म्हातारपणी कागदावर कशाला? शिवाय माझ्या सगळ्या कादंबऱ्यांवर ते छापलेलं आहेच.

हसवणाऱ्या प्रेमकथा लिहायचे मी. लग्न होऊन पुण्यातून पौडाकडच्या रिह्याच्या खोऱ्यात आले ती एकोणीसशे पन्नासच्या आगेमागे. सातवीची फायनल पास झालेली सून म्हणून कौतुक होतं, पण ते उंबऱ्याच्या आतलं. पाणी गडीमाणसं भरायची, बाजार मामंजी करायचे, आणि घरंदाज सुनेला वेशीकडं बघायचंसुद्धा कारण नव्हतं. पौडावरून जाणारी एसटी मी माहेरपणाला बघायचे तेवढीच. बाकी वर्षभर चार भिंती आणि परसू.

परसात वाळत घातलेल्या भाताची राखण, एवढं एकच काम मला बसून मिळायचं. मांडीवर पाट घ्यायचा आणि चिमण्या हाकत हाकत लिहायचं. नायिका भांडखोर, नायक बावळट, मधे गैरसमजांचा गोंधळ आणि शेवटी लग्न. लग्नाच्या पुढं मी कधी गेले नाही. पुढं हसण्यासारखं काय असतं, ते मला ठाऊक नव्हतं.

पहिली कादंबरी नवऱ्यानं वाचली. हसले नाहीत, ते कधीच हसत नसत. पण आंबेमोहराच्या पोत्यात घालून पुण्याला प्रकाशकांकडे घेऊन गेले. प्रकाशकांना आवडली. मामंजींनी मात्र एकच वाक्य टाकलं, "आपल्या सुनेचं नाव बाजारात जायाचं न्हाई." पुस्तक विकायचं म्हणजे बाजारच की! म्हणून त्यावर ह्यांचं नाव पडलं. मी रुसले, तेव्हा हे म्हणाले, "ह्या बारीला ऱ्हाऊ दे. फुडच्या पुस्तकावर तुजं घालू."

फुडचं पुस्तक आलं, त्याच्या फुडचंही आलं. मामंजी गेले, तरी माझं 'फुडचं' काही आलं नाही. लोक ओसरीवर येऊन ह्यांना लेखकसाहेब म्हणायला लागले, आणि ह्यांनाही ते मानवलं. मी आतून चहा पाठवायचे. एखादा वाचक दारातून विचारायचा, "वहिनी, ह्यांचं कुठलं पुस्तक तुम्हाला आवडतं?" काय सांगू, कप्पाळ? असा राग यायचा, आणि रागात मला जास्तच विनोदी सुचायचं. जितकी माझी कोंडी, तितका पुस्तकाचा खप.

सन साठ उलटल्यावर शाळेत ह्यांचा सत्कार ठरला. आदल्या दिवशी मी सरळ विचारलं, "उद्या सांगणार ना?"

"बघू," हे म्हणाले.

मी बायकांत जाऊन बसले. शाल झाली, नारळ झाला. हेडमास्तरांनी विचारलं, "बायकांच्या मनातलं इतकं बारीक तुम्हाला कसं कळतं?" ह्यांनी घसा साफ केला.

"निरीक्षण," हे म्हणाले.

मस्तकात तिडीक गेली माझ्या. तशीच घरी आले. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या, आणि ओसरीवर सत्काराच्या पाहुण्यांत हे. बायकांनी धोशा लावला, नाव घ्या, नाव घ्या. साधंसुधं चालणार नव्हतं, विनोदी लेखकाची बायको ना मी! नवऱ्याचं नाव उच्चारायची बाईला तेवढीच एक मुभा, उखाण्यात. म्हटलं, सापडलीय ना जागा, मग बोल. पदर सारखा केला आणि ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"दौत माझी, टाक माझा, माझ्याच बोटांना शाई,
अमुकरावांनी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही."

अमुकच्या जागी खरं नाव घेतलं. मग सगळं घर हसलं. चुलतसासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण न्हाई पण गुण लागला."

"सासूबाई, मी खरं सांगतेय," मी म्हटलं. त्या आणखीच हसल्या. मी बोटं पुढं केली. सकाळची शाई अजून तशीच होती.

"लई तयारीनं आलीया," मागून कुणीतरी म्हणालं.

ओसरीवरही हशा पिकला होता. दारातून मला हे दिसत होते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी ह्यांना मोठ्यानं हसताना पाहिलं.

उखाण्याची गोष्ट प्रकाशकांच्या कानावर गेली. पुढच्या कादंबरीत नायिकेच्या तोंडी हाच घाला, असा त्यांचा निरोप आला. मी घातला. दुसरं करणार काय होते? लोकांना तो फार आवडला. अजून आमच्याकडच्या लग्नात एखादी हौसेनं तो घेते, आणि म्हातारी माणसं पोरीबाळींना कौतुकानं सांगतात, हा उखाणा मूळ कुणी लिहिला ते. नाव ह्यांचंच सांगतात.