हुकलेलं शिखर

मेहकरच्या कॉलेजात मी आणि माझा मित्र, दोघं फिजिक्स शिकवायचो आणि पीएचडीही एकाच विषयात, एकाच गाइडकडे करायचो. काचेवर सिलिकॉनचे, डोळ्यांना न दिसणारे खांब उभे करायचे आणि त्यांवर प्रकाश सोडायचा. एका ठरावीक रंगाला ते खांब जोरात साथ देतात आणि आलेखात शिखर उमटतं. शिखर जितकं अरुंद, तितका पाण्यातल्या क्षारांचा बारीक फरकही पकडता येतो. त्यासाठी लोणारच्या तळ्याचं पाणी बाटल्यांत भरून ठेवलेलंच होतं.

मी तिरप्या खांबांचं एक डिझाइन केलं. कॉम्प्युटरवर चालवलं तर आलेख सपाट.

"फाईल घेऊ का मी?" त्यानं विचारलं.

"घे बे. कचराच हाये."

आठवड्यानं तो आलेख घेऊन आला. त्यात सुईसारखं शिखर. मी प्रकाशाची तरंगलांबी पाच-पाच नॅनोमीटरच्या उड्या मारत तपासली होती आणि शिखर नेमकं दोन उड्यांच्या मधे राहून गेलं होतं. यानं हळूहळू तपासलं, एवढंच. त्यात कसली आली हुशारी? पण पुण्याचे गाइड त्याला "वा" म्हणाले. मला ते कधी "बरं"च्या पुढे गेले नव्हते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. स्टाफरूममध्ये तो सगळ्यांना चहा पाजत होता. मी ॲसिडिटीचं कारण सांगून टाळला.

पुण्याच्या लॅबमधून काच एकदाच बनवून मिळणार होती आणि त्याची सगळी पीएचडी तिच्यावर होती. डिझाइन पाठवण्याआधी तो म्हणाला, "तू एकदा पाहून दे न. तुले जास्त समजते."

पाहिलं. शिखर आणखी अरुंद व्हावं म्हणून दोन खांबांमधली फट त्यानं कमी करून तीस नॅनोमीटर ठेवली होती. शंभराच्या खाली गेलात तर खांब एकमेकांना चिकटतील, असं लॅबमधल्या बाईंनी फोनवर बजावलं होतं. मला एकट्याला.

"मस्त हाये," मी म्हणालो. "पाठवून दे."

काच आली. खांब चिकटलेले, शिखराचा पत्ता नाही. तो काचेची डबी हातात धरून प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून राहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग तो म्हणाला, "तुह्यं डिझाइन चांगलं होतं यार. मीच त्याची वाट लावली. माफ कर मले."

"जाऊ दे बे, होते असं," मी म्हणालो, आणि त्याला माफ केलं.