नव्या मोटरचे दोन तास

दुपारचे अडीच वाजलेत. जेवण झालंय, पडदा ओढलाय आणि मी कॉटवर आडवा झालोय. उशाशी स्टुलावर एक मोटर चालू आहे. अंगठ्याएवढी, पंखा न लावलेली, एकाच सेलवर मंद फिरणारी. माझी मुलगी केतकी छोटी विमानं बनवून उडवायची, तिच्या सामानातली ही शेवटची नवी मोटर. केतकीला जाऊन चौदा महिने झाले. त्या सामानाचा डबा आज सकाळी उघडला. का उघडला, ते मलाच सांगता येणार नाही.

आवाज एकसुरी आहे. आधी कानात असतो, मग दाढेत उतरतो, मग छातीत. डोळे मिटलेत की उघडे आहेत, ते कळेनासं होतं.

"आप्पा, किती वेळ झाला हिला?"

केतकी पायथ्याशी बसली आहे. कॉलेजवर शिकवायला जाताना घालायची तो निळा कुडता अंगात आहे. ती गेली आहे हे मला माहीत आहे. तिलाही माहीत असावं, कारण कॉट हलू नये अशी ती अगदी कडेला टेकली आहे.

"वीस मिनिटं," मी म्हणतो.

"मग बराच वेळ आहे अजून."

मी उठून पाय खाली सोडतो तर ते डेपोतल्या खड्ड्यात लागतात. एसटीच्या गाड्यांखाली उभं राहून मी तीस वर्षं काम केलं तो हा खड्डा. ऑइलचा वास तोच आहे, पण वर गाडी नाही. वर आमच्या स्वयंपाकघराचं छत आहे आणि दोरीवर माझ्या बायकोच्या, मंदाच्या साड्या वाळत आहेत. केतकी माझ्या शेजारी उभी राहून मोटर कानाला लावते.

"आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे नवे असतात तेव्हा त्यांचं तोंड सपाट असतं," ती म्हणते. अकरावीच्या वर्गात सांगावं तसं, सावकाश. "आणि ते टेकतात तो भाग गोल. दोघांची ओळखच नसते. मंद फिरवलं की कार्बन हळूहळू झिजतो, त्याला तो गोलावा येतो. मग पाहिजे तेवढा जोर द्या. आधी दिला तर नुसत्या ठिणग्या उडतात, आतून जळतं."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे ना तुम्हाला?"

ती सहज विचारते. मला मात्र दुसरीकडे बघावंसं वाटतं.

मला माहीत होतंच. गाड्यांच्या सेल्फ स्टार्टरचे कार्बन मी जन्मभर बसवले. त्या दिवशीही माहीत होतं. विमानांच्या स्पर्धेचा आदला दिवस होता आणि केतकीला कॉलेजात जादा तास घ्यायचा होता. जाताना ती म्हणाली होती, "आप्पा, मी येईपर्यंत दोन तास मंद चालू दे. बाकी काही करू नका." आणि मला झोप आली होती. इतकंच. त्या भुणभुणीने माझी दुपारची झोप मोडत होती. मी सेल काढला, मोठी बॅटरी जोडली, दहा मिनिटं जोरात फिरवून घेतली आणि बंद करून झोपलो. ती आल्यावर सांगितलं, "झाले गं दोन तास."

खड्ड्याच्या पायऱ्या चढून आम्ही वर येतो तर मैदान. स्पर्धेचंच. खुर्च्या मांडलेल्या आहेत, पण कुणी बसलेलं नाही. लाउडस्पीकर कुणाचं तरी नाव पुकारतो आहे, ते नीट कळत नाही. गवत पायाला गार लागतं, आमच्या फरशीसारखं.

केतकीच्या हातात तिचं विमान आहे. टोकाशी वर वळलेले पंख तिने स्वतः आखले होते. सहा महिने ती रोज संध्याकाळी वहीत आकडे मांडत होती. असा पंख वाऱ्यात जास्त टिकतो, हे तिला दाखवून द्यायचं होतं.

"माझं गणित चुकलं होतं आप्पा," ती म्हणते. "दुसऱ्या फेरीतच खाली आलं."

हेच ती स्पर्धेच्या दिवशी म्हणाली होती. घरी येऊन तिने पंख गुडघ्यावर मोडले, वही मागच्या अंगणात नेऊन जाळली. मी दारात उभा राहून बघत होतो. त्यानंतर तिने साधेच पंख लावले, दुसऱ्यांनी आखलेले. चार महिन्यांनी डेंगी झाला आणि सहा दिवसांत सगळं संपलं. त्या चार महिन्यांत एकशे वीस दिवस होते. रोज सकाळी आम्ही समोरासमोर चहा प्यायचो.

"गणित बरोबर होतं," मी म्हणतो.

"काय?"

"मोटर मी जाळली. दोन तास चालवलीच नव्हती. मोठी बॅटरी लावली. झोपायचं होतं मला."

लाउडस्पीकर अर्ध्या नावावर तुटतो.

"मैदानात आधी मोटरचा आवाज बसला, मग विमान खाली आलं," मी सांगत सुटतो. "तू पंखाकडे बघत होतीस. मी ऐकत होतो. मला तिथंच कळलं होतं."

"म्हणजे पंख बरोबर होते?"

"हो."

तिच्या चेहऱ्यावर क्षणभर इतका आनंद येतो की मला तो बघवत नाही. शाळेत पहिला नंबर आल्यावर धावत यायची तसा. मग तो हळूहळू उतरतो.

"मग मी ते मोडले कशाला?" ती विचारते.

ती हातातल्या विमानाकडे बघते तर तिथं विमान नाही, मोकळे हात आहेत, आणि त्या हातांना काळी पूड लागलेली आहे.

"वहीसुद्धा जाळली हो आप्पा मी."

"केतकी, मी..."

"आईला सांगितलंत?"

"नाही."

"तिनं मला समजावलं होतं. म्हणाली होती, एका पडण्यावरून ठरवू नकोस. मी तिच्यावर ओरडले होते, तुला यातलं काय कळतं म्हणून." ती माझं मनगट धरते. हात गार नाही, ऊनही नाही. "तिला सांगा. ती बरोबर होती, एवढं तरी तिला कळू दे."

"तू रागावलीस?"

"हो," ती म्हणते. पण मनगट सोडत नाही.

मी डोळे उघडतो तेव्हा मंदा खोलीत उभी आहे, हातात चहा.

"कण्हत होतात झोपेत," ती म्हणते. मग पुढे वाकते. "मनगटाला काय लागलंय?"

मी बघतो. आतल्या बाजूला बारीक काळी पूड आहे. एका रेषेत चार ठसे आणि पलीकडून एक. मी झोपल्यापासून कशालाच हात लावलेला नाही.

"बसा... बस जरा," मी म्हणतो. इतकी वर्षं जिला अगं-तुगं करतोय तिला माझ्या तोंडून आधी 'बसा' जातं.

मी सांगतो. मोठी बॅटरी, दहा मिनिटं, झोप, वही. मंदाने केतकीला समजावलं होतं ते बरोबर होतं, तेही. चहावर साय धरते.

"पोर गेल्यावर सांगताय," मंदा शेवटी म्हणते.

"हो."

ती माझा हात स्वतःकडे ओढते. मला वाटतं, पदराने पुसेल. ती पुसत नाही. त्या चार ठशांवर आपली चार बोटं एकेक करून ठेवते. तिची बोटं जाड आहेत, ठसे त्यांच्याखाली पूर्ण झाकले जातात. मग तिच्या तोंडून पहिला हुंदका फुटतो.