बंद फ्रीजमधला कुकर

कोणाच्याही घरात शिरल्यावर आपण आधी माणसांकडे बघतो. काकू बटणांकडे बघत. दारात चपला काढता काढता त्यांचा उजवा हात भिंतीवर जायचा आणि एका बटणावर बोट ठेवून त्या विचारायच्या, "हे लागतंय काय?" उत्तरासाठी थांबायच्या नाहीत. टक्. भर दिवसा लागलेला दिवा विझायचा, आणि मगच त्या बसायच्या.

अशी एखादी बाई तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. आपण तिला चिकट म्हणतो. मीही म्हणायचे, मनातल्या मनात. मी बऱ्याच गोष्टी मनातल्या मनातच म्हणते.

नवीन पनवेलमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर होती. मी भाड्याच्या घरात एकटी, त्या स्वतःच्या घरात एकट्या. त्यांचं गाव उरणच्या बाजूचं. नवरा न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकू साड्यांना फॉल लावून द्यायच्या. खिडकीत बसून, उजेड असेपर्यंत. उजेड गेला की काम बंद. दिवा लावून शिवणं त्यांना पटायचं नाही.

पहिले सहा महिने आम्ही एकमेकींकडे बघून फक्त हसलो. मग माझ्या कंपनीनं अर्धी माणसं काढली आणि उरलेल्यांचे पगार कमी केले. मी उरलेल्यांत होते. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर आईबाबांनी नागपूरला परत बोलावलं असतं. पण काकूंना कळलं. माझ्या दाराबाहेरच्या हॉटेलच्या पिशव्या बंद झाल्या आणि त्याच आठवड्यात त्यांनी माझी कडी वाजवली. बेल होती, पण बेलला वीज लागते.

"काय जेवतेस?"

मी मॅगी म्हणाले.

"कुकरचा डबा हाय काय तुझ्याकडं? दे."

एका डब्यासाठी कुकर लावायचा नाही, हा त्यांचा नियम. त्या दिवसापासून खालचा डबा त्यांचा, वरचा माझा. गॅसचे पैसे अर्धे अर्धे, पण कुकर नेहमी त्यांचाच. अकरा वाजता मी डब्यात धुतलेले तांदूळ आणि त्यावर वाटीत भिजवलेली डाळ घेऊन समोर जायचे. माझं काम घरूनच चालायचं, तेवढंच दिवसातलं बाहेर पडणं असायचं.

पहिल्या दिवशी एक शिट्टी झाल्यावर त्यांनी गॅस बंद केला. कुकर जुन्या सुती साडीत गुंडाळला, फ्रीज उघडला, कुकर आत ठेवला आणि दार लावलं. मी मनात म्हटलं, आपल्याला काय माहीत.

"बंद हाय तो," त्या म्हणाल्या. "बारा महिने बंद. लेकानं दिलाय, टाकणार कसा? पण जो गारवा बाहेर सोडत नाय, तो ऊब तरी कशी सोडंल?"

फ्रीजमधल्या जाळ्या काढून त्यांनी कुकरपुरती जागा केली होती. वरच्या खणात गिऱ्हाइकांच्या साड्या होत्या, उंदरांपासून वाचवलेल्या. पाऊण तासानं त्यांनी दार उघडलं. आतला दिवा लागला नाही, पण वाफ आली. भात मोकळा, डाळ बोटानं मोडेल अशी. मला हसू आलं आणि त्यांनाही.

त्या चिकट नव्हत्या, हे मला बाजारात कळलं. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडणाऱ्या काकू, कर्नाळ्याकडून रानभाज्या घेऊन येणाऱ्या कातकरी बायकांपुढे बसल्या की सांगितलेला भाव निमूट द्यायच्या. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "त्यांच्याकडनं काय वाचवायचं?"

आणि वाचवायचं कशासाठी, हेही त्यांनी एकदाच सांगितलं. सुईत दोरा ओवत होत्या. मुलगा पुण्याला, चांगल्या नोकरीत, दर रविवारी फोन करणारा. "एकदा जरी त्याच्याकडं पैसं मागितलं ना, तर तो लगेच चल म्हणंल. वाईट नाय तो. पण आमी इथनं गेलो तर मग कायमचं गेलो." त्या स्वतःला कधी कधी आमी म्हणायच्या. त्यात नवराही असायचा, असं मला वाटतं.

मला ते इतकं समजलं, की मीही पगाराचं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या अंगावरून हात लांब करून पंखा एकवर आणला.

मार्चमधली एक दुपार. त्यांच्या मुलाचा मला फोन आला. अडीअडचणीला म्हणून त्यानं माझा नंबर घेऊन ठेवला होता. आईचा फोन लागत नव्हता. लागणार कसा? दुपारी कोण फोन करतं म्हणून त्या तो बंद ठेवायच्या. मी सांगितलं, त्या बऱ्या आहेत, शिवत बसल्यात. तो आभार मानून गप्प झाला.

मला फोनवरची शांतता सहन होत नाही. समोरचा गप्प झाला की काहीतरी बोलून ती भरावीशी वाटते. मी म्हणाले, काकू एकदम मजेत असतात, आम्ही रोज कुकर फ्रीजमध्ये ठेवतो.

"फ्रीजमध्ये? गरम कुकर?"

मी हसून हो म्हणाले. त्यानं विचारलं, कधीपासून. मी म्हणाले, मी बघतेय तेव्हापासून. मला वाटलं, त्याला कौतुक वाटतंय.

शनिवारी सकाळी तो आला. मी अकरा वाजता डबा घेऊन गेले तेव्हा घरातले सगळे दिवे लागलेले होते. तो फ्रीजचं दार धरून उभा होता. आत दाखवण्यापुरता ठेवलेला रिकामा कुकर, वर साड्या. काकू त्याला समजावत होत्या, ऊब, गॅस, एक शिट्टी. तो "हो आई, हो," म्हणत होता, लहान मुलाला म्हणतात तसं. मग त्याला मी दिसले.

"तुम्हीच सांगितलंत ना मला?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मी रोज हाच भात जेवते आणि तो छान होतो. पण घाबरले की माझं मराठी आधी जातं. मी इंग्रजीत सुरुवात केली. त्यालाही ते सोयीचं वाटलं असावं. तोही इंग्रजीत बोलू लागला. त्याच्या मित्राच्या आईचं विसरणं असंच सुरू झालं होतं, आधी किल्ल्या फ्रीजमध्ये, मग चष्मा. डॉक्टर म्हणतात, अशा माणसाला एकटं ठेवू नये. मी म्हणाले, तसं काही नसावं. तो म्हणाला, तुम्ही तिला किती दिवस ओळखता? त्याचा आवाज चढला नव्हता. डोळे लाल होते. रात्रभर झोपला नसावा.

काकू आमच्या दोघांच्या मधे उभ्या होत्या. तो बोलला की त्याच्या तोंडाकडे बघायच्या, मी बोलले की माझ्या. त्यांच्याच घरात, त्यांच्याबद्दल, आणि त्यांना एक शब्द कळत नव्हता. मला ते दिसत होतं. तरी मी मराठीत आले नाही. शेवटी मी म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, आणि हातातला डबा घेऊन घरी परत आले.

महिनाभर पुण्याला जाऊन येते, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. गिऱ्हाइकांच्या साड्या त्यांनी दोन दिवसांत पुऱ्या केल्या, एकदा तर दिवा लावून. निघायच्या दिवशी माझी कडी वाजली. त्यांच्या हातात कुकर होता, त्याच सुती साडीत गुंडाळलेला.

"तिकडं मोठा हाय. हा तू वापर."

मला खूप काही बोलायचं होतं. मी कुकर घेतला. त्यांचा हात सवयीनं भिंतीवर गेला, बटणावर बोट टेकलं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि माझा दिवा चालू होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या रिकाम्या खोलीकडे.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तुला लागंल."

आणि दिवा तसाच ठेवून त्या जिना उतरल्या.

आता समोरच्या दाराला कुलूप आहे. घर विकायचं चाललंय, असं वॉचमन सांगतो. एकदा मी आपणहून काकूंना फोन केला. सहा वेळा नंबर काढून फोन ठेवून दिल्यावर. फोन लगेच उचलला गेला. आता तो दुपारीही चालू असतो. स्वयंपाकाला बाई येते, त्या म्हणाल्या. नातू गोड आहे. डॉक्टरनं काय काय विचारलं, आजचा वार कुठला, शंभरातून सात गेले किती. सगळं बरोबर सांगितलं. "तरी एकटं नाय सोडत." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "भात होतो काय नीट?"

होतो, मी म्हणाले. त्यापुढचं माफीचं वाक्य मी फोन करण्याआधी दहा वेळा घोकलं होतं, मराठीत. ते तसंच राहिलं.

त्या संध्याकाळी मी माझ्या फ्रीजचं बटण बंद केलं आणि जाळ्या काढल्या. आता रोज अकरा वाजता एक शिट्टी होते, आणि मी कुकर साडीत गुंडाळून आत ठेवते. पाऊण तासानं दार उघडते. दिवा लागत नाही, वाफ येते. डबे मी अजूनही दोनच लावते. खालच्यातलं संध्याकाळी जेवते.