तीन देशांतले पाणी

धाकटी बहीण बरीच वर्षे परदेशात, तीन देशांच्या सीमेवरच्या बाझल शहरात राहत होती. दरवर्षी ती मला बोलवायची. एका सकाळीत तीन देश दाखवते म्हणायची. मी रजेची अडचण सांगायचो. शेवटी तिच्या नवऱ्याचा फोन आला, डॉक्टरांनी उपचार थांबवले आहेत, लवकर या.

निघायच्या दिवशी मी खालापूरहून भिसेगावला आईकडे गेलो. तिने देव्हाऱ्यातून गंगेचा गडू काढला. वडिलांनी काशीहून असे दोन आणले होते, तांब्याचे, तोंडाला डाग देऊन बंद केलेले. एक त्यांच्या अखेरच्या वेळी फोडला. दुसरा आईने स्वतःसाठी ठेवला होता. तो तिने माझ्या हातात दिला. मोठ्या बॅगेत चपला होत्या, म्हणून तीत ठेवू दिला नाही. वेळ आली की पाज, तोवर तिला सांगू नको, असे बजावले.

एक्स्प्रेसवेवर गाडी अडकली आणि विमानतळावर पोहोचायला उशीर झाला. तपासणीच्या पट्ट्यावर गडू थांबवला. आत काय आहे ते यंत्राला दिसत नव्हते. मोठ्या बॅगेत चालला असता, असे अधिकाऱ्याने सांगितले. ती बॅग पुढे गेली होती आणि विमानाची शेवटची सूचना होत होती. मी गडू त्याच्या टेबलावर ठेवला. जमिनीवर ठेवू नका, एवढे म्हणालो.

बाझलचे रुग्णालय ऱ्हाईन नदीजवळ होते. बहीण बोलत होती, हसत होती, पण मला दिवसभर उशाशी बसू देत नव्हती. शहर बघ आणि संध्याकाळी मला सांग, असा तिचा हुकूम होता. मी लाल दगडाचे मोठे चर्च पाहिले. तारेला बांधलेली, इंजिन नसलेली होडी प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते, तीत बसलो. संग्रहालयात एक लांबट चित्र होते. पेटीएवढ्या जागेत आडवे पडलेले प्रेत. ते मी तिला सांगितले नाही.

बाकीचा वेळ मी गंगाजल शोधत होतो. शहरातल्या भारतीय किराणा दुकानात अगरबत्ती होती, कुंकू होते, गंगाजल नव्हते. दुकानदाराने जर्मनीतले एक दुकान सांगितले. ट्रामने गेलो. तिथे नव्हते. दुसऱ्या ट्रामने फ्रान्समध्ये गेलो. तिथले दुकान बंद झाले होते. सीमेवर कुणी काही विचारले नाही.

संध्याकाळी मी ट्रामविषयी, स्टेशनांविषयी, घरांच्या रंगांविषयी सांगत बसलो. तिने डोळे मिटूनच माझे लांबण थांबवले.

"दादा, बातमी सांग रं. अग्रलेख वैनीला ऐकव."

आई रोज फोनवर गडू नीट ठेवलास ना, असे विचारायची. मी बहिणीच्या तब्येतीचे सांगत राहायचो.

नंतर बहिणीचे बोलणे थांबले. एका दुपारी डॉक्टर म्हणाले, आता फार वेळ नाही. मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि गडू मुंबईतच राहिल्याचे सांगितले. तिने फोन जवळ घेतला.

"तितं नदी हाय ना?"

"आहे."

"वाहती हाय?"

"हो."

"मग तिचंच आन."

मी बहिणीचा स्टीलचा पेला घेऊन घाटासारख्या पायऱ्या उतरलो आणि भरून आणला. नर्सने पेल्यात पाहिले आणि मान हलवली. नदीचे पाणी तोंडात घालता येणार नव्हते. तिने नळाखाली स्पंजची काडी भिजवून माझ्या हातात दिली. बहिणीचा नवरा पलंगाच्या पलीकडे फोन धरून उभा होता. आई फोनवरून देवाचे नाव घेऊ लागली. मी ओठांवरून काडी फिरवली. पाणी हनुवटीवरून खाली आले. नर्सने ते पुसले. थोड्या वेळाने तिने बहिणीची नाडी पाहिली, हात चादरीवर ठेवला आणि घड्याळाकडे पाहिले.

"घोट गेला का रं?" आईने विचारले.

"ओठ भिजले."

"घोट?"

"नाही."

तिने फोन बंद केला नाही, खाली ठेवला. पडद्यावर भिसेगावच्या घराचे छत दिसत होते. आई पुन्हा पहिल्यापासून देवाचे नाव घेत होती. मी भरलेला पेला कुठे ओतायचा ते नर्सला विचारले.